त्र्याण्णव गुणांचा वेगनियंत्रक

ज्या समाजात वेगावर नियंत्रण ठेवणारं कोणी नसतं, तो समाज फार लवकर कुठेतरी जाऊन पोहोचतो, आणि पोहोचल्यावर त्याच्या लक्षात येतं की इथे आपलं काहीच काम नव्हतं. हे सत्य मोठमोठ्या राज्यांना लागू आहे, तसंच ते रिमोटवर पळणाऱ्या हातभर लांबीच्या मोटारगाडीलाही लागू आहे. (तिला 'खेळणं' म्हणायचं नाही, असा क्लबचा नियम आहे. म्हणून तो शब्द इथे एकदाच, कंसात.)

अशा गाडीत बॅटरी असते आणि मोटर असते. बॅटरीला वाटतं, जे आहे ते सगळं आत्ताच देऊन टाकावं. मोटरला वाटतं, सगळं आत्ताच घेऊन टाकावं. या दोघांच्या मधे काडेपेटीएवढी एक डबी बसते आणि दोघांनाही आवरते. दोन जाड तारा बॅटरीकडे, तीन मोटरकडे आणि एक बारीक तार रिमोटचा निरोप घेण्यासाठी. हिला दुकानात स्पीड कंट्रोलर म्हणतात. शुद्ध भाषेत वेगनियंत्रक. ही डबी जळली की गाडी जागच्या जागी राहते, आणि नवी कोणती घ्यावी हा प्रश्न उभा राहतो.

अक्काची डबी शर्यतीच्या बरोबर तीन आठवडे आधी जळली.

अक्का एकोणऐंशी वर्षांची. छत्तीस वर्षं तिने शिवणाचा क्लास चालवला होता आणि हात अजून सुईत दोरा एका झटक्यात ओवणारे होते. डबीवर थंड हवा सोडणारा एक नखाएवढा पंखा असतो, त्यात निळा दोरा अडकला. दोरा अक्काच्याच झग्याचा होता. पंखा थांबला, डबी तापली, धुराची एक बारीक शेंडी वर आली, आणि चार वर्षं इमाने इतबारे धावलेली गाडी पाण्याच्या टाकीपाशी मान टाकून बसली.

इमारतीमागच्या आवारात दर वर्षी क्लबची शर्यत होते. सभासद सात. जुन्या रबरी नळ्या अंथरून वळणं आखलेली असतात. गेली चार वर्षं पहिला नंबर समोरच्या जिन्यावरच्या दंतवैद्याचा आणि दुसरा अक्काचा, आणि दोघांत अंतर केवढं, तर एका गाडीचं. हरण्याचं अक्काला काही वाटत नसे. वाटत असे ते त्यानंतरच्या वाक्याचं. बक्षिसाचा कप काखेत मारून दंतवैद्य दर वर्षी तिच्याजवळ येई आणि मान वाकडी करून म्हणे, "अक्का, या वयात एवढं म्हणजे कौतुकच आहे हं!"

यंदा ते वाक्य ऐकायचं नाही, एवढंच अक्काने ठरवलं होतं. तिला कप नको होता. घरात ठेवायला जागाही नव्हती.

खरं तर काम सोपं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं आणि डबी आणायची. पण अक्काच्या हातून चूक झाली. चहा पिताना ती धाकट्या भावाला म्हणाली, "अरे धाकट्या, कंट्रोलर कोणता घेऊ रे?"

'कंट्रोलर आणायचाय' असं ती म्हणाली असती तर ही कथा इथेच संपली असती. ती 'कोणता' म्हणाली.

धाकटा एकाहत्तर वर्षांचा. एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेला. त्याच्या कारकिर्दीत त्या कचेरीत एकही वस्तू घाईने आली नाही. (काही वस्तू आल्याच नाहीत. पण ज्या आल्या नाहीत त्यांच्याबद्दल एकही तक्रार नोंदलेली नाही.) निवृत्त झाल्यापासून तो सकाळचं वर्तमानपत्र तीनदा वाचत असे, तिसऱ्यांदा छपाईच्या चुकांसाठी. 'कोणता' हा शब्द कानावर पडताच त्याने बिस्किट बशीत ठेवलं आणि पाठ ताठ केली. इतक्या वर्षांत त्याची पाठ एवढी ताठ झालेली अक्काने पाहिली नव्हती. 

"लेखी दे," तो म्हणाला.

"अरे, मी समोर बसलेय तुझ्या."

"समोर बसणं हा पुरावा नाही, अक्का."

मग मागणीपत्र आलं. ते अक्काच्या खोलीतून धाकट्याच्या खोलीत यायला चार दिवस लागले, कारण पहिल्या प्रतीत तिने 'डबी' लिहिलं होतं, दुसरीत तारीख नव्हती आणि तिसरी ठीक होती पण तिच्यावर चहाचा डाग होता. चौथी प्रत नस्तीत लागली. नस्तीला दोरी अक्काच्याच शिवणाच्या डब्यातली.

त्यानंतर वेगनियंत्रक निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष धाकटा. तांत्रिक सदस्य तळमजल्यावरचा वायरमन, वीज खात्यातून निवृत्त, खांबावर तीस वर्षं. तिसऱ्या सदस्य तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई, कारण समितीत शिस्त असावी. ही मंडळी अशी होती की एखादी गोष्ट सोपी आहे असं त्यांच्यापुढे म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

पहिल्याच बैठकीत वायरमनने मोटरवरचा आकडा वाचला आणि खुर्ची मागे सरकवली.

"तेहतीसशे केव्ही? अक्का, तेहतीस केव्हीला आम्ही तारेचं कुंपण घालतो. वर कवटीची पाटी लावतो. आणि हे तेहतीसशे तुम्ही पलंगाखाली ठेवता?"

"अहो, तो केव्ही वेगळा. एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, ते सांगणारा आकडा तो."

"कवटी फेरे विचारत नाही," वायरमन म्हणाला. ठराव झाला. गाडीभोवती खडूने गोल आखण्यात आला, आणि तिला हात लावण्याआधी रबरी चटईवर उभं राहायचं असं ठरलं. चटई वायरमनने स्वतःची आणली. त्यालाही कित्येक वर्षांत ती वापरायला मिळाली नव्हती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत 'सेन्सर' या विषयावर चर्चा झाली. काही वेगनियंत्रक सेन्सरवर चालतात, काही त्याच्याशिवाय. मुख्याध्यापिकाबाईंनी सेन्सर असलेलाच घ्यावा असा आग्रह धरला. "इमारतीत लहान मुलं आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय येतं यावर कोणाचं तरी लक्ष हवं." सेन्सर गाडीतून नेमकं काय कापून टाकतो, यावर दोन तास मतभेद राहिले. अखेर जे अश्लील असेल ते, यावर एकमत झालं.

चौथ्या बैठकीत करंटचा प्रश्न आला. डबीवर दोन आकडे असतात. सतत किती करंट पेलेल तो लहान, आणि क्षणभर किती पेलेल तो त्याच्या पाचपट, सहापट, ठळक अक्षरांत.

"क्षणभराच्या हुशारीवर मी कोणाला वरच्या वर्गात घातलं नाही," बाई म्हणाल्या. ठळक आकडे खोडण्यात आले.

पाचवी बैठक गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांची. धाकट्याने संगणकावरून एक हजार दोनशे अठरा अभिप्राय उतरवून काढले होते, हाताने, समासासह. त्यांची वर्गवारी अशी झाली. 'उत्तम', सहाशे बारा. 'जळाला', पाचशे नव्वद. 'उत्तम, पण जळाला', सोळा. समितीने या सोळांचा विशेष अभ्यास केला, कारण संतुलित मत देणारी माणसं हल्ली कमी झाली आहेत.

एकूण त्रेचाळीस वेगनियंत्रक विचारात घेतले गेले. नऊ बाद झाले, कारण खोक्यावर ज्वाळांचं चित्र होतं आणि कारखान्याने गुन्हा आधीच कबूल केला आहे असं समितीला वाटलं. सहा पाण्यात टिकतात असा दावा होता, पण बुडवून पाहिल्याशिवाय घेता येत नव्हते आणि घेतल्याशिवाय बुडवता येत नव्हते. एकाच्या माहितीपत्रकात 'वापरणाऱ्याने आपल्या आवडीनुसार ठरवावे' असं वाक्य होतं. ते पत्रक बाईंनी परत वाचायला नको म्हणून घडी करून ठेवलं.

इकडे दिवस चालले होते. अक्का रोज दुपारी रिमोट हातात घेऊन खिडकीशी बसे आणि नुसताच घोडा दाबे. रिमोटला बंदुकीसारखा घोडा असतो. हलके दाबला तर गाडी हलके निघते. शिवणयंत्राचं पेडल असंच होतं. तिच्या पहिल्या यंत्राला मोटर बसवली तेव्हा दुकानदाराने विचारलं होतं, "जाड कापड शिवता की पातळ?" ती म्हणाली होती, "दोन्ही." त्याने मागे वळून फळीवरची एक मोटर काढून दिली होती. त्या मोटरीचे कार्बनचे ब्रश दर दोन वर्षांनी झिजायचे आणि ती स्वतः बदलायची. हल्लीच्या या गाड्यांना ब्रशच नसतात, झिजायला काही नाही, हे कळलं तेव्हा तिला मोठं नवल वाटलं होतं. त्या मोटरीवर तिने साडेतीनशे बायका शिकवून बाहेर काढल्या. त्यांच्यातल्या एकीनेही ती मोटर कोणती म्हणून विचारलं नव्हतं.

"धाकट्या, नऊ दिवस राहिले रे."

"प्रकरण प्रक्रियेत आहे."

"मला शर्यतीत पळायचंय. प्रक्रियेत नाही."

"अक्का, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं!" आणि तो असा हसला, की तिने रिमोट खाली ठेवला आणि त्याच्यासाठी चहा टाकला.

अकराव्या बैठकीनंतर, शर्यतीला पाच दिवस उरले असताना, अहवाल सादर झाला. पानं अठ्ठ्याऐंशी. दहा निकष, प्रत्येकी दहा गुण. अक्काने शेवटचं पान आधी उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अरे, पण हा तर माझाच आहे. जळालेला."

"बरोबर. एकमताने."

"जळालाय रे तो!"

"भावना बाजूला ठेवून निकष बघ," धाकटा म्हणाला, आणि त्याने निकष वाचून दाखवले. वापरताना तापू नये. हा मुळीच तापत नाही. दहा. उगाच आवाज करू नये. हा करत नाही. दहा. बॅटरी जपून वापरावी. एका भरणीवर बॅटरी वर्षभर पुरेल. दहा. याच गाडीत काम केल्याचा अनुभव हवा. चार वर्षं. बाकीच्या बेचाळिसांकडे एक दिवसाचाही नाही. दहा. गाडीत नीट बसावा. बसलेलाच आहे, स्क्रूसकट. दहा. तत्काळ उपलब्ध असावा. दहा. पुढे जळण्याची शक्यता कमीत कमी असावी. एकदा जळलेला पुन्हा जळत नाही, असा तांत्रिक सदस्यांचा लेखी अभिप्राय. दहा. सेन्सरबाबत, त्याने गेल्या दोन आठवड्यांत काहीही अश्लील दाखवलेलं नाही. दहा. आणि सर्वांत महत्त्वाचा निकष, वेगावर नियंत्रण.

"वेगनियंत्रकाचं काम काय? वेगावर नियंत्रण ठेवणं. बाकीचे सगळे कमी-जास्त वेग सुटू देतात. हा एक इंचही सुटू देत नाही. अक्का, या बाबतीत याच्या जवळपाससुद्धा कोणी नाही."

"आणि दहावा?"

धाकट्याचा आवाज खाली आला. "वास. तिथे तीनच दिले. आम्ही पक्षपात करत नाही."

शंभरात त्र्याण्णव. तुलनेसाठी म्हणून समितीने दंतवैद्याच्या चालत्या वेगनियंत्रकाचीही तपासणी केली होती. तो तापत होता, गुणगुणत होता आणि बॅटरी खात होता. त्याला चोपन्न गुण मिळाले.

इथवर गोष्ट घरातली होती. पण अहवालाची एक प्रत क्लबच्या फलकावर लागली आणि सभासद भारावून गेले. क्लबच्या इतिहासात अठ्ठ्याऐंशी पानी काहीही नव्हतं. तातडीच्या सभेत ठरलं की शर्यतीपूर्वीची तांत्रिक तपासणी यापुढे हीच समिती करेल, आणि पंचाहत्तरपेक्षा कमी गुण असलेल्या गाडीला बक्षीस मिळणार नाही.

दंतवैद्याने जन्मात कधी नव्वदच्या खाली गुण पाहिले नव्हते. चोपन्न हा आकडा त्याला दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागला. दोन दिवस त्याने रोग्यांना वेळेवर भूल दिली नाही. मग त्याने अहवाल पहिल्यापासून वाचला आणि एका सुशिक्षित माणसाने जे करायचं तेच केलं. शनिवारी दुपारी गॅलरीत बसून बॅटरीच्या तारा उलट्या जोडल्या.

त्या दुपारी इमारतीच्या सहा गॅलऱ्यांतून धूर निघाला. सहाही सभासद समाधानी होते. फेरतपासणीत पाच जणांना त्र्याण्णव मिळाले. दंतवैद्याला नव्व्याण्णव. वास घालवण्याचा त्याला व्यावसायिक अनुभव होता. त्याने आपला वेगनियंत्रक गुळण्या करायच्या औषधाने पुसला होता. (शंभर गुण बाई कोणालाच देत नसत.)

अक्काला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच शनिवारी ती पायात चपला सरकवून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई झाळकामाची तार गुंडाळत बसली होती.

"मोटर कोणती, आजी?"

अक्काने सांगितलं.

"बॅटरीत सेल किती?"

"दोन."

"गाडी केवढी?"

अक्काने दोन हात पसरून दाखवली. बाईने मागे न बघताच फळीवरचं एक खोकं काढून पुढे ठेवलं. "हा घ्या. पंख्यात दोरा जाऊ देऊ नका."

"तुला कसं कळलं?"

"झग्याला लोंबतोय अजून."

घरी येऊन अक्काने तारांना स्वतः झाळ दिली. धाकटा तेव्हा धुराची आवक नोंदवण्यात गुंतला होता. बॅटरी जोडताच नव्या डबीने दोन सेलचे दोन बीप दिले. अक्काने घोडा हलकेच दाबला. गाडी पलंगाखालून निघाली, खडूचं वर्तुळ ओलांडून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. अक्काचा जीव भांड्यात पडला.

रविवारी सकाळी सात गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. सहा गाड्या जिथल्या तिथे राहिल्या. नियंत्रणाचं असं दर्शन क्लबने यापूर्वी कधी घेतलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मुलांना गप्प उभं राहून बघायला सांगितलं.

सातवी गाडी सुटली.

"धरा! धरा तिला!" वायरमन चटई घेऊन मागे धावला. बाईंनी डोळे झाकले. अक्काने तीन फेऱ्या पुऱ्या केल्या, एकही नळी न हलवता, आणि रेषेवर येऊन बघते तर मागे कोणी नाही. चार वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला होता. हरवायला कोणीच नव्हतं.

निकाल तिथल्या तिथे लागला. अक्काची गाडी बाद. वेगनियंत्रक वेगावर नियंत्रण ठेवण्यात अपयशी, नवखा, अनुभव एक दिवस. कप दंतवैद्याला, नव्व्याण्णव गुणांवर. निकाल वाचताना धाकट्याचा आवाज कापरा झाला, पण त्याने नात्याची भीड धरली नाही. मग सगळे चहाकडे वळले.

दंतवैद्य मात्र कप घेऊन तिथेच घुटमळत राहिला. त्याची गाडी रेषेवर, गुळण्यांच्या औषधाचा मंद सुगंध सोडत उभी होती.

"अक्का, या वयात..." त्याने सुरुवात केली.

"डॉक्टर, तो कप ठेवा बाजूला आणि हा घ्या." तिने रिमोट त्याच्या हातात दिला. "माझी गाडी, माझी डबी, माझी बॅटरी. आधी तुम्ही तीन फेऱ्या, मग मी. घड्याळ तुमचंच."

"म्हणजे... नुसतं असंच?"

"नुसतं असंच."

दंतवैद्याने तीन फेऱ्या बासष्ट सेकंदांत मारल्या. टाकीपाशी एक नळी उडाली, ती त्यानेच परत लावली. मग अक्काने पदर खोचला, घोड्यावर बोट ठेवलं आणि पातळ कापडावर शिवण टाकावी तशी गाडी वळणांतून काढली. सत्तावन्न.

तो घड्याळाकडे बघत राहिला.

"हरलो," तो म्हणाला.

"काय म्हणालात? या कानाने मला कमी ऐकू येतं."

"हरलो, अक्का!"

"हां." दोन्ही कानांनी तिला उत्तम ऐकू येत असे.

चहाच्या टेबलावरून धाकटा धावत आला. "काय झालं? कोण हरलं? नोंद कुठे करायची?" त्या दोघांनी काही सांगितलं नाही. म्हणून क्लबच्या कुठल्याही कागदावर सत्तावन्न हा आकडा नाही.

एवढ्यावर कथा संपते. तिच्यात एका बाईने चार वर्षांनी एका माणसाला हरवलं, आणि तेही त्याच गाडीने, म्हणजे डबीचा प्रश्नच उरला नाही. ज्या वाचकांना यामुळे बरं वाटलं त्यांनी आता खुशाल उठावं. पण काही वाचक अजून बसून आहेत. ते पुन्हा मागे जाऊन दुकानाचा प्रसंग बोट ठेवून वाचत आहेत, कारण त्यांना एवढंच हवं आहे की फळीवरचं ते खोकं नेमकं कोणत्या कंपनीचं होतं आणि किती अँपिअरचं. त्यांनी संकोच करू नये. समितीची पुढची बैठक सोमवारी आहे, आणि इतक्या चिकाटीने वाचणाऱ्या माणसाची सदस्य म्हणून निवड झाल्याचं पत्र आजच जावक झालं आहे.